नमुना जिथे, तपासणी तिथे

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील जीवशास्त्रीय प्रयोगांविषयी लिहिताना मी जाता जाता एक विधान केले होते. दूरच्या मोहिमांवर जाणाऱ्या अंतराळवीरांना आपल्या रक्ताचा नमुना पृथ्वीवर पाठवता येणार नाही. तो तिथेच तपासावा लागेल आणि त्यासाठी प्रयोगशाळा खिशात मावेल एवढी लहान करावी लागेल, असे ते विधान होते. त्यावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातल्या अनेक तालुक्यांतून पत्रे आली. प्रश्न इतके नेमके आहेत की या वेळचा संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला दिला आहे. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. स्थानकावर उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर आहे असे आपणच लिहिले होते. नमुने गोठवून परतीच्या यानातून आणता येतात आणि इथे उत्तमोत्तम यंत्रे आहेत. मग तिथे लहान, कमी कुवतीच्या यंत्रावर तपासणी करण्याचा आग्रह कशासाठी?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे आणि आजही स्थानकावरचे बहुतेक जैविक नमुने आपण म्हणता तसे गोठवूनच खाली आणले जातात. पण नमुना काढल्यापासून तो यंत्रात जाईपर्यंत काय घडते, हे आपल्या व्यवसायातल्या माणसाला सांगायला नको. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी सुरगाणा तालुक्यातल्या एका आरोग्य शिबिरातले रक्ताचे नमुने नाशिकला आणण्याचे काम आम्ही काही जणांनी अंगावर घेतले होते. रक्तातली साखर टिकवणाऱ्या फ्लोराइडच्या नळ्या कमी पडल्या म्हणून काही नमुने साध्या नळ्यांत घेतले, त्यातच जीप घाटात बंद पडली आणि प्रयोगशाळेत पोहोचायला पाच तास लागले. साध्या नळ्यांतली साखर सरसकट कमी निघाली. नळीत गेलेल्या रक्तपेशी जिवंतच असतात आणि सामान्य तापमानाला त्या तासाला साधारण पाच ते सात टक्के ग्लुकोज संपवतात. ज्या बाईंची साखर खरोखर वाढलेली होती त्यांच्या नावापुढे त्या दिवशी जवळजवळ निरोगी माणसाचा आकडा उमटला. दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा जाऊन त्यांचे रक्त घेतले, म्हणून चूक लक्षात आली. तो अनुभव मी अजून विसरलेलो नाही, आणि या विषयाची ओढ मला तिथूनच लागली.

अंतराळात हीच अडचण कितीतरी पटींनी मोठी होते. वजनरहित अवस्थेत राहणाऱ्या माणसाच्या नितंबाच्या हाडातील खनिजाची घनता दरमहा साधारण एक ते दीड टक्क्याने घटते. हाडातून सुटलेले कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडते आणि मूतखड्याचा धोका वाढतो. या बदलाचा माग काढायचा तर रक्तातले आयनरूप, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेले मोकळे, कॅल्शियम मोजावे लागते. पण नमुना हवेच्या संपर्कात आला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू (पीएच) चढतो आणि आयनरूप कॅल्शियमचा आकडा खाली येतो. म्हणून ते मिनिटांच्या आत, घेतल्या ठिकाणी मोजलेले बरे. स्थानकावर यासाठी वापरले गेलेले आय-स्टॅट हे यंत्र आपल्या रुग्णालयांतही दिसते. हातात मावणाऱ्या या यंत्रात दोनतीन थेंब रक्ताची कार्ट्रिज घालायची आणि साधारण दोन मिनिटांत सोडियम, पोटॅशियम, ग्लुकोज, आयनरूप कॅल्शियम यांचे आकडे पाहायचे. प्रत्येक कार्ट्रिजमध्ये ज्ञात प्रमाणाच्या द्रावणाची एक छोटी पिशवी असते. यंत्र आधी ते द्रावण संवेदकांवरून नेऊन स्वतःचे कॅलिब्रेशन करते आणि मगच रक्त पुढे ढकलते. ज्याच्या शेजारी सर्व्हिस इंजिनिअर येऊ शकत नाही त्या यंत्राला ही सवय असणे किती मोलाचे आहे, ते आपण जाणताच.

आणखी एक कारण आहे. पेशी गुरुत्वाला फार लवकर प्रतिसाद देतात, त्यामुळे जिवंत नमुना परत आणताना उतरतानाचे धक्के आणि पृथ्वीचे गुरुत्व यांचाही ठसा त्याच्यावर उमटतो आणि मग आपण नेमके कशाचे मोजमाप करतो आहोत हेच सांगता येत नाही. मंगळाकडे निघालेल्या यानाचा एकेरी प्रवासच सहा ते नऊ महिन्यांचा असतो. तिथून नमुने परत पाठवण्याची सोयच नाही.

प्रश्न : आपण ‘चिपवरची प्रयोगशाळा’ असा शब्द वापरता. माझ्यासारख्या भाषेच्या निवृत्त शिक्षकाला चिप म्हटले की संगणक आठवतो. द्रव पदार्थाची चिप कशी असते? आणि मोठे यंत्र लहान केले एवढाच त्याचा अर्थ आहे का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : काचेच्या किंवा प्लास्टिकच्या, साधारण पोस्टाच्या तिकिटाएवढ्या किंवा एटीएम कार्डाएवढ्या पट्टीची कल्पना करा. तिच्यात केसाच्या जाडीचे, म्हणजे पन्नास ते शंभर मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंदीचे चर कोरलेले आहेत आणि वरून दुसरी पट्टी बसवून ते बंद केले आहेत. शंभर मायक्रॉन रुंद, तेवढाच खोल आणि एक सेंटिमीटर लांब असा चर भरायला फक्त शंभर नॅनोलिटर द्रव लागतो. ड्रॉपरमधून पडणाऱ्या एका साधारण थेंबात असे पाचेकशे चर भरतील.

या कल्पनेचा इतिहास बराच जुना आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन टेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये सिलिकॉनच्या चकतीवर वायूंचे मिश्रण वेगळे करणारा क्रोमॅटोग्राफ कोरून दाखवला. त्यानंतर १९९० मध्ये आंद्रेआस मान्झ यांनी, तेव्हा ते स्वित्झर्लंडमधल्या बासेल येथे एका औषधकंपनीत संशोधन करत होते, सूक्ष्म समग्र विश्लेषण प्रणाली अशी संकल्पना मांडली. त्यातला ‘समग्र’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नमुना घेणे, तो स्वच्छ करणे, त्यात अभिकर्मक (रासायनिक प्रक्रिया घडवणारे द्रव्य) मिसळणे, घटक वेगळे करणे आणि शेवटी मोजणे ही सगळी साखळी एकाच पट्टीवर उतरली पाहिजे, असा त्याचा आशय आहे.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. पावसाळ्यात रामकुंडावर गोदावरीला पूर येतो आणि पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत किंवा छातीपर्यंत चढते, तेव्हा त्या पाण्यात भोवरे असतात, गाळ आणि पाणी एकमेकांत पूर्ण घुसळलेले असते. केसाएवढ्या चरात असे काही होत नाही. तिथे पाण्याला स्वतःचा चिकटपणा इतका जाणवतो की भोवरा निर्माणच होत नाही. दोन रंगांचे प्रवाह एका चरात सोडले तर ते एकमेकांना लागून, सरळ रेषेत, न घुसळता पुढे जातात. मिसळण्याचे काम फक्त विसरणाने, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्याने होते आणि विसरणाचा हिशेब मोठा विलक्षण आहे. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट होतो. पाण्यातल्या एखाद्या लहान रेणूला शंभर मायक्रॉन अंतर विसरणाने कापायला साधारण पाच सेकंद लागतात, तर एक सेंटिमीटर कापायला जवळजवळ चौदा तास. परीक्षानळी ढवळावी का लागते आणि चिप का लागत नाही, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

अंतराळासाठी याहून महत्त्वाची गोष्ट पृष्ठताणाची आहे. पाण्याच्या बाबतीत साधारण २.७ मिलिमीटरपेक्षा लहान अंतरांवर गुरुत्वापेक्षा पृष्ठताणाची ताकद जास्त असते; दिव्याच्या वातीत तेल चढते ते याच ताकदीवर. चर तर एक दशांश मिलिमीटरचा, म्हणजे त्याला पृथ्वीवरही गुरुत्व फारसे जाणवत नाही. त्यामुळे इथल्या टेबलावर नीट चाललेला चर स्थानकावरही जवळपास तसाच चालतो. परीक्षानळी, ब्युरेट, चंचुपात्र ही आपली सगळी जुनी साधने मात्र ‘खाली’ नावाची दिशा गृहीत धरून बनवलेली आहेत. तिथे द्रव तळाशी बसत नाही, गोळा होऊन तरंगतो किंवा भिंतीला चिकटतो. लहान होण्याने जागा आणि वजन वाचते हे खरेच आहे, परंतु वजनरहित अवस्थेत द्रवाला शिस्त लावण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग त्याला अरुंद वाटेने नेणे हा आहे, आणि मला या विषयातले हे सर्वांत सुंदर तथ्य वाटते.

प्रश्न : अंतराळवीर लघवीपासून केलेले पाणी पितात, हे वाचून आमच्या घरात बराच वाद झाला. ते पाणी शुद्ध आहे हे त्यांना तिथे कसे कळते?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : दोन पातळ्यांवर कळते. स्थानकाच्या अमेरिकी भागात पाणी निर्जंतुक ठेवण्यासाठी आयोडीन वापरतात, तर रशियन भागात चांदी. त्यांचे प्रमाण मोजण्यासाठी २००९ मध्ये एक छोटा संच वर नेण्यात आला. अभिकर्मक लावलेल्या एका लहान चकतीतून पाणी ढकलायचे आणि चकतीवर उमटलेल्या रंगाची गडदता हातातल्या प्रकाशमापकाने वाचायची, अशी त्याची साधी रीत आहे. दुसरे यंत्र पाण्यातल्या सर्व सेंद्रिय पदार्थांचे मिळून एकूण कार्बन मोजते.

या दुसऱ्या यंत्राची एक हकीकत मुद्दाम सांगतो. २०१० मध्ये शुद्ध केलेल्या पाण्यातले एकूण कार्बन हळूहळू चढू लागले. यंत्राने धोक्याची खूण वेळेवर दिली, पण हा कार्बन कोणत्या पदार्थाचा आहे हे सांगणे त्याच्या कुवतीबाहेर होते. नमुने पृथ्वीवर आणल्यावर तो डायमिथाइलसिलेनडायॉल नावाचा, सिलिकोनपासून तयार होणारा पदार्थ असल्याचे निष्पन्न झाले. सौंदर्यप्रसाधने, सीलंट अशा वस्तूंतले सिलिकोन हवेत मिसळते, त्यापासून तो तयार होतो आणि पाण्यात उतरतो. नाशिकरोडच्या वाचकांनी वर म्हटले आहे ते या प्रसंगात खरे ठरते. अपेक्षित पदार्थ किती आहे हे छोटे यंत्र चांगले सांगते. ज्याची कोणी अपेक्षाच केली नव्हती तो पदार्थ ओळखायला अजून मोठी प्रयोगशाळा लागते.

प्रश्न : आम्ही द्राक्ष बागायतदार आहोत. गोडी रिफ्रॅक्टोमीटरवर बागेतच पाहतो, पण देठ परीक्षणाचा आणि औषधांच्या उर्वरित अंशाचा अहवाल यायला दिवस जातात आणि तोवर निर्णयाची वेळ निघून जाते. अंतराळात रोपे वाढवतात तिथे त्यांची तपासणी कशी होते? आणि ती यंत्रे आमच्या बांधावर कधी येणार?
— एक वाचक, ता. निफाड

उत्तर : रिफ्रॅक्टोमीटरचा उल्लेख आपण केलात हे फार चांगले झाले, कारण नमुना जिथे आहे तिथेच तपासण्याचे ते सर्वांत जुने आणि यशस्वी उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या खिशात आहे. रसाचे दोन थेंब, प्रकाशाचे वक्रीभवन आणि लगेच आकडा.

अंतराळातल्या रोपांबाबत सर्वांत आधी तपासायची ती हवा. कारण सांगतो. रशियाच्या मीर स्थानकावर १९९६-९७ मध्ये गव्हाच्या एका बुटक्या जातीची लागवड केली होती. रोपे वाढली, ओंब्याही आल्या, पण ओंब्यांत दाणाच भरला नाही. कारण निघाले एथिलीन. केळी पिकवणारा हाच तो वायू. शेतात तो वाऱ्याबरोबर निघून जातो, पण बंद स्थानकात साठत गेला आणि त्याने गहू वांझ केला. दहा लाखांत एकदोन भाग एवढे त्याचे प्रमाणही पिकाचे भवितव्य ठरवते, म्हणून रोपांच्या कक्षात हवेचे मोजमाप सतत चालू ठेवावे लागते. आपल्या इस्रोने ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० बरोबर पाठवलेल्या क्रॉप्स या प्रयोगात चवळीच्या बिया बंद डब्यात चार दिवसांत अंकुरल्या आणि पुढे पाने फुटली. त्या डब्यात कॅमेऱ्याबरोबर ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, आर्द्रता, तापमान आणि मातीतला ओलावा मोजणारे संवेदक बसवलेले होते आणि माणूस एकही नव्हता. पुढे २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर होते, तेव्हा त्यांनी मूग आणि मेथीला मोड आणले.

आपल्या बांधावरच्या प्रश्नाबद्दल मात्र मला स्पष्ट लिहिले पाहिजे. देठातले नत्र, पालाश यांसारखे घटक मोठ्या प्रमाणात असतात. आयननिवडक संवेदक असलेली लहान यंत्रे रसातले पोटॅशियम किंवा नायट्रेट आजही मोजतात आणि तो मार्ग पुढे वाढेल अशी मला आशा आहे. उर्वरित अंशाचे तसे नाही. युरोपात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागते, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. नमुना बारीक करणे, द्रावकात उतरवणे, साखर, आम्ले आणि रंगद्रव्ये काढून टाकणे एवढी तयारी झाल्याशिवाय तो आकडा वाचताच येत नाही. वाचणारी चिप लहान झाली आहे, तयारी अजून लहान झालेली नाही. ज्या दिवशी कोणी बागेत उभ्या उभ्या उर्वरित अंशाचा निर्यातयोग्य दाखला देणारे खिशातले यंत्र आपल्याला विकायला येईल, त्या दिवशी त्याला नमुन्याची तयारी कशी करता, हा एकच प्रश्न विचारा.

प्रश्न : सुनीता विल्यम्स यांनी स्थानकावर जंतू तपासले होते असे ऐकले. जंतू वाढवून पाहायला तर दोनतीन दिवस लागतात. त्यांनी ते कसे केले?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : त्यांनी जंतू वाढवलेच नाहीत. लोकॅड-पीटीएस नावाचे, हातात धरण्याजोगे यंत्र डिसेंबर २००६ मध्ये डिस्कव्हरी यानातून स्थानकावर गेले आणि विल्यम्स यांनी ते २००७ मध्ये प्रथम चालवले. पृष्ठभागावर ओला बोळा फिरवायचा, त्यातले पाणी कार्ट्रिजच्या चरांत सोडायचे आणि साधारण पंधरा मिनिटे थांबायचे. चरांत वाळवून ठेवलेला अभिकर्मक हॉर्सशू क्रॅब या घोड्याच्या नालेसारख्या कवचाच्या सागरी प्राण्याच्या निळ्या रक्तातल्या पेशींपासून मिळतो (त्याचे भाऊबंद आपल्या ओडिशाच्या किनाऱ्यावरही आढळतात). ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या आवरणातल्या विषाशी त्याची गाठ पडली की प्रक्रिया सुरू होते आणि रंगाच्या तीव्रतेवरून त्या विषाचे प्रमाण कळते. पुढे बुरशी आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंसाठी वेगळ्या कार्ट्रिज आल्या. एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते : आवरणातले विष मेलेल्या जिवाणूंचेही असू शकते.

जंतूंच्या बाबतीत चर लहान असण्याची किंमतही मोजावी लागते. समजा, पिण्याच्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये एकच जिवाणू आहे. शंभर नॅनोलिटरच्या चरात तो सापडण्याची शक्यता दहा हजारांत एक. चर कितीही संवेदनशील असला तरी त्यात जे आलेच नाही ते त्याला दिसणार नाही. म्हणून आधी बरेच पाणी गाळून जंतू गाळणीवर गोळा करावे लागतात आणि मग ते चरात न्यावे लागतात. याउलट विरघळलेल्या रेणूंची संख्या इतकी अफाट असते की, लिटरमध्ये एक नॅनोमोल एवढ्या विरळ द्रावणाच्या शंभर नॅनोलिटरमध्येही सहा कोटींच्या आसपास रेणू असतात.

जंतू कोणता, हे ओळखण्याचे कामही आता वर होते. ऑगस्ट २०१६ मध्ये केट रुबिन्स यांनी मिनआयन या, शंभर ग्रॅमच्या आतल्या यंत्रावर अंतराळात पहिल्यांदा डीएनएचा क्रम वाचला. प्रथिनाच्या अतिसूक्ष्म छिद्रातून डीएनएची दोरी ओढली जाते आणि प्रत्येक अक्षरसमूहाबरोबर विद्युतप्रवाह किंचित बदलतो. तो बदल म्हणजेच वाचन. पुढच्या वर्षी पेगी व्हिटसन यांनी स्थानकावर वाढलेल्या जंतूंचा डीएनए तिथेच वाचून त्यांची ओळख पटवली.

प्रश्न : आमचा अंबड एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगचा छोटा कारखाना आहे. अशी चिप आमच्यासारख्यांना बनवता येईल का? तिच्यात नेमके कठीण काय असते?
— एक वाचक, सिडको

उत्तर : महाविद्यालयीन प्रयोगशाळांत बहुतेक चिप पीडीएमएस या सिलिकोन रबराच्या असतात. साच्यावर ओतायचे, तापवून घट्ट करायचे, सोलून काचेवर चिकटवायचे. दोन दिवसांत नवी रचना हातात येते, त्यामुळे संशोधकांना ते प्रिय आहे. परंतु त्यातून हवा आणि पाण्याची वाफ आरपार जाते. चरांत भरून ठेवलेले नॅनोलिटरभर द्रावण काही महिने कोठारात पडून राहिले तर ते आटते आणि त्याच्या जागी हवा येते. शिवाय काही तेलकट रेणू हे रबर स्वतःच शोषून घेते आणि मोजायचा पदार्थच भिंतीत नाहीसा होतो. दीर्घ मोहिमांसाठी म्हणून काच किंवा वाफ अडवणारे कडक प्लास्टिक लागते आणि तिथे आपल्या व्यवसायाचे कौशल्य थेट उपयोगी आहे. चर उठवण्यापेक्षा वरचे झाकण चर न बुजवता, न गळता, सगळीकडे सारखे जोडणे अधिक अवघड असते, हे आधीच सांगून ठेवतो.

आणि बुडबुडे. या क्षेत्रातल्या कोणालाही विचारा, पहिली तक्रार हीच निघेल. पृथ्वीवर मोठ्या भांड्यातला बुडबुडा वर येऊन फुटतो. अंतराळात ‘वर’ नसल्यामुळे तो द्रवाच्या पोटातच राहतो आणि तिथून चरात शिरला की बुचासारखा बसतो. ज्या पृष्ठताणाने द्रवाला शिस्त लावली तोच पृष्ठताण मग बुडबुड्याला जागा सोडू देत नाही. त्यावर उपाय म्हणून द्रावणे आधी वायुमुक्त करतात आणि वाटेत वायू जाऊ देणारे, पाणी अडवणारे पडदे बसवतात. नासाने डिसेंबर २००६ मध्ये सोडलेल्या जीनसॅट-१ या जेमतेम पाच किलोच्या उपग्रहात ई. कोलाय जिवाणूंची छोटी कार्डे होती. खाद्य देणे, तापमान राखणे आणि जिवाणूंची प्रकाशमान प्रथिने मोजणे हे सगळे माणसाच्या हाताशिवाय झाले. मे २००९ मधल्या फार्मासॅटमध्ये यीस्टवर बुरशीनाशकाच्या वेगवेगळ्या मात्रा देऊन ४८ कप्प्यांत तुलना केली. अशा ठिकाणी एकच अडकलेला बुडबुडा म्हणजे एक कप्पा गमावला, आणि दुरुस्तीला जाणारे कोणी नाही.

प्रश्न : मी दहावीत आहे. मंगळावर जर जीव असले तर यंत्राला ते कसे कळेल? दगडाला विचारता तर येत नाही!
— एक विद्यार्थिनी, इगतपुरी

उत्तर : तुझा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. तुझे दोन्ही हात समोर धर. बोटे तीच, अंगठे तेच, पण उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात बसत नाही. प्रथिने ज्यांची बनतात ती अमिनो आम्लेही अशीच डावी आणि उजवी असतात (ग्लायसीन हे सर्वांत साधे आम्ल तेवढे अपवाद). प्रयोगशाळेत साध्या रसायनांपासून ती बनवली तर दोन्ही सारख्या प्रमाणात मिळतात. पृथ्वीवरचे जीव मात्र प्रथिनांसाठी जवळजवळ केवळ डावीच वापरतात. उद्या एखाद्या मातीत अमिनो आम्ले सापडली आणि त्यांत एकाच हाताची ठळक बहुसंख्या दिसली, तर ती जीवनाची फार मोठी खूण ठरेल.

ती मोजण्यासाठी चिपवर इलेक्ट्रोफोरेसिस करतात. चरात विजेचा दाब लावला की भारित रेणू धावू लागतात. आकार आणि भार यांनुसार कोणी पुढे, कोणी मागे. द्रावणात साखरेपासून बनलेले कंकणाकृती रेणू मिसळले तर डाव्या-उजव्यांपैकी एक त्यांत अधिक वेळ अडकतो आणि मागे पडतो. चरातली उष्णता भिंतींतून लगेच निघून जाते, म्हणून जास्त दाब लावता येतो आणि ही शर्यत काही मिनिटांत संपते. अमेरिकेत बर्कलीच्या रिचर्ड मॅथिस यांच्या गटाने मंगळासाठी असे यंत्र तयार करून चिलीतल्या अटाकामा वाळवंटात त्याची चाचणी घेतली.

पाण्यातून तपासण्याचे आणखी एक कारण तुला आवडेल. व्हायकिंग यानांनी १९७६ मध्ये मंगळाची माती भट्टीत तापवून सेंद्रिय पदार्थ शोधले आणि हाती फारसे काही लागले नाही. २००८ मध्ये फिनिक्स यानाने मंगळावर प्रथमच माती पाण्यात कालवून तपासली, एका पेल्यात पंचवीस मिलिलिटर पाणी आणि साधारण एक घनसेंटिमीटर माती घेऊन. त्यात परक्लोरेट सापडले. हे क्षार फटाक्यांच्या दारूतही असतात आणि तापवले की आसपासचे सेंद्रिय पदार्थ जाळतात. म्हणजे जे शोधायचे तेच शोधण्याच्या रीतीने जळून जाण्याची शक्यता होती. अकरावीत विज्ञान घेणार असशील तर रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात द्रावण तापवण्याआधी हे एकदा आठव.

प्रश्न : मी पेठ तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. दोन मिनिटांत इलेक्ट्रोलाइट सांगणारे यंत्र अंतराळात चालते, तर ते इथे का नाही?
— एक वाचक, ता. पेठ

उत्तर : डॉक्टरसाहेब, यंत्र इथेही चालेल, अडचण कार्ट्रिजची आहे. तिच्यातले जैविक संवेदक दोन ते आठ अंशांत ठेवावे लागतात आणि फ्रिजबाहेर बहुतेक प्रकार काही आठवडेच टिकतात. स्थानकावरही हीच मर्यादा आहे. तिथे वीज जात नाही, पण नवा पुरवठा मालवाहू यान आल्याशिवाय मिळत नाही. मंगळाच्या मोहिमेसाठी तीन वर्षे टिकणारे अभिकर्मक हवेत. त्यासाठी ते गोठवून वाळवणे, साखरेच्या काचेसारख्या थरात बंद करणे, वापराच्या क्षणीच पाण्याचा स्पर्श होऊ देणे अशा रीतींवर काम चालू आहे. प्रथिनांना सामान्य तापमानात वर्षानुवर्षे शाबूत ठेवणे हे चिप कोरण्यापेक्षा कितीतरी अवघड रसायनशास्त्र आहे, आणि त्याला मिळायला हवे तितके लक्ष मिळत नाही असे माझे मत आहे. सुरगाण्याच्या घाटात आमची जीप बंद पडली तेव्हा आमच्याकडे बर्फाची पेटी होती, पण तिच्यातला बर्फ पहिल्या दोन तासांतच वितळला होता. आपल्या केंद्रात लसींचा शीतकपाट असेलच; त्याचे तापमान दिवसातून दोनदा नोंदवले जाते का, आणि वीज गेल्यावर ते किती तास टिकते, हे मला कळवाल का? पुढच्या अंकात या टिकाऊपणाच्या प्रश्नावर सविस्तर लिहायचे आहे आणि त्यासाठी इथल्याच केंद्रांतले अनुभव मला हवे आहेत.